ओल्या खसाचा वास

शनिवार, संध्याकाळ

समीरने असं का केलं? सख्खा मामेभाऊ! काल आमच्याकडे वाइन चाखायचा सराव करताना मीच त्याला सांगितलं की या पांढऱ्या वाइनला ओल्या खसाचा वास येतो. बाबा होते तेव्हा उन्हाळ्यात कूलरच्या खसावर पाणी मारायचे, अगदी तसा.

आज सिटी सेंटरच्या हॉटेलात वाइन चाखायच्या कार्यक्रमात तो माइकवर म्हणाला, "मेरे पापा कूलर की खस भिगोते थे ना, बस वही ख़ुशबू." टाळ्या पडल्या.

मामांकडे तर पहिल्यापासून एसी! खस नेला असता तर चाललं असतं. पण बाबा?

मग माइक माझ्यापुढे धरून त्यानेच विचारलं, "ताई, तुला कसला वास येतोय?"

मी म्हटलं, "मला सर्दी झालीय."