वीतभर तांब्याची तार

मिस्त्री, वीतभर तांब्याच्या तारेपायी काय काय गेलं ते मी आज मनाशी मांडून पाहिलं. तार तशी फुकटचीच, शेठच्या पेढीवरच्या मोडक्या घंटीची. तिच्यापायी इंजिनाचा पिस्टन गेला, मुरबाडच्या भातगिरणीचा ऐन हंगाम गेला, तुमची नोकरी गेली आणि मग तुमचं बोलणं गेलं. ते शेवटचं सगळ्यांत महाग पडलं. खर्डीला तुम्हांला भेटायला यायचो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून गवताच्या पेंढ्या बांधत असायचात. मी बोलत राहायचो, तुम्ही मान हलवायचात. पुढे तापाने गेलात, तेही न बोलताच.

आठवतं ना ते इंजिन? मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यातून जुनं होऊन आलेलं, दोन सिलिंडरचं. त्याच्याबरोबर भिंतीवर लावायचं एक गोल घड्याळ आलं होतं, धुराच्या नळाचा ताप दाखवणारं. आपल्या बाजूला दुसऱ्या कुठल्या इंजिनाला असलं काही नव्हतं. बाकीचे ड्रायव्हर नळावर थुंकायचे आणि थुंकी किती लवकर उडते त्यावरून ताप ओळखायचे. तुम्हांला त्या घड्याळाचा केवढा अभिमान! मी तुमच्या हाताखाली तेलवाला, लग्न झालेला बाप्या, तरी एकदा फडकं गुंडाळून नळाला हात लावला तर सगळ्या बायकांदेखत ओरडलात, "ताप बघाया ते काय तुजं पोर हाय? काट्याला इचार!" पाखडणाऱ्या बायका सूप बाजूला ठेवून हसल्या. त्यानंतर महिनाभर त्या मला "पोर कसं हाय?" म्हणून विचारायच्या.

मग लढाई आली. नळापासून घड्याळापर्यंत दोन तारा जायच्या, त्या इंजिनाच्या हादऱ्याने नळाजवळ झिजून तुटल्या. नव्या तारा विलायतेहून यायच्या, म्हणजे येणारच नव्हत्या. मी त्या आठवड्यात वैशाखऱ्याला सासुरवाडीला होतो. परत आलो तर काटा हलत होता. "कोनी केलं?" म्हणून विचारलं तर तुम्ही नुसतं "चालतंय ना? मंग झालं," म्हणालात. मी समजलो, शेठने कल्याणहून कुणी आणला असेल.

ती दुपार मला अजून दिसते. दारात बैलगाड्यांची रांग लागलेली आहे, शेठ दोन्ही भरडण्या एकदम चालवायला लावतो आहे. तुम्ही काट्यासमोर उभे आहात, काटा धोक्याच्या लाल रेघेच्या चांगला खाली आहे. आणि एकाएकी एक किर्र आवाज येतो, पट्टा उडून भिंतीवर आपटतो, आणि सगळं गप्प होतं, पिस्टन तापून सिलिंडरात चिकटलेला. तुम्ही म्हणता, "काटा लालच्या खाली व्हता, शेठ." शेठ घड्याळाकडे बघतो, पण बंद पडलेल्या इंजिनाचा काटा काय सांगणार? "झोपला होतास उभ्या उभ्या," असं तो सगळ्या गाडीवानांसमोर म्हणाला. तुम्ही माझ्या हातात तुमचा स्क्रू-पिळा दिलात, टोपी झटकलीत आणि निघालात. त्या दिवसापासून "झोपलेला मिस्त्री" हे तुमचं नाव पडलं. मुरबाडच्या बाजारात कुणी ते उच्चारलं की मी भांडायचो. सांगायचो, माझ्या मिस्त्रीने त्या घड्याळाला कधी बोट लावलं नाही, ज्याने लावलं त्याला जाऊन विचारा.

पुढे मी शहापूरला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तुमच्या स्क्रू-पिळ्यावर सुरू केलं म्हणालो तर खोटं होणार नाही. आता माझी ख्याती अशी आहे की बांधापलीकडे पंप चालला असला तरी मी इथे बसून सांगतो, त्याचा कुठला वॉल्व गळतोय. माणसाचंही तसंच. गिऱ्हाईक "काय केलं नाय, आपोआप बंद पडलं," असं म्हणतं, तेव्हा त्याच्या आवाजातच मला ऐकू येतं, काय केलं ते. दोन तालुक्यांत माझ्यापासून कुणाचं काही लपत नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो.

सहा महिन्यांपूर्वी ती गिरणी मोडीत निघाली. मी ते इंजिन उचललं, घड्याळासकट, तारांसकट. काकी, तुमच्या घरच्या, त्याच आठवड्यात आल्या. वर्षातून दोनदा येतातच, भाजीची जुडी घेऊन, चहा पितात, पोरांची चौकशी करतात आणि जातात. इंजिन अंगणात बघून त्या थबकल्या. पदर तोंडाशी नेला. म्हणाल्या, "बघ रे त्याच्यात, काय झालतं ते. पुढच्या येळंला येईन तवा सांग." एवढंच.

मी बघितलं. त्या दोन तारा वेगवेगळ्या धातूंच्या असतात, टोकाला एकत्र जोडलेल्या. टोक तापलं की त्यांत कणभर वीज येते आणि काटा चढतो. शिसं वितळतं तो ताप ठरलेला असतो, म्हणून मी टोकाला शिशाचा तुकडा लावला आणि खालून ब्लो-लॅम्प धरला. शिसं पाघळलं, काटा बरोबर आला. घड्याळ चांगलं. तारा गारच होत्या, पुन्हा केलं तरी बरोबर. हे कोडं मला सुटेना. शेवटी नळाचा तुकडाच तापवला, जसा दुपारी तापत असेल तसा, आणि तारा त्याच्याजवळून नेल्या. शिसं पाघळलं आणि काटा मात्र लाल रेघेच्या पार खाली! नळाजवळचं कापडाचं बांधण सोडलं, तर आत वीतभर तांबं निघालं, शेठच्या पेढीवरच्या मोडक्या घंटीच्या तारेचं. टोकापासून भिंतीपर्यंत ताप जिथे जिथे उतरतो तिथे तिथे त्या दोन धातूंचीच तार लागते; मध्ये तांबं आलं तर तेवढ्या टप्प्यातला ताप हिशेबातच धरला जात नाही. सकाळी गार इंजिनावर ती जोड खरं बोलायची, दुपारी खोटं. करणाऱ्याने सकाळी तपासून पाहिलं असेल, बरोबर दिसलं असेल. आणि मिस्त्री, पीळ डावीकडून होता. आपल्या गिरणीत डावखुरे एकटे तुम्हीच.

दोन रात्री विचार केला. काकींना सांगायचं, घड्याळ खोटं बोललं, आणि जोड कुणाची ते गिळायचं. शब्द जुळवून ठेवले. त्या आल्या, चहा घेतला, आणि मी माझ्या सगळ्यात सरळ आवाजात म्हणालो, "काकी, काका झोपले नव्हते. घड्याळ चुकीचं दाखवत व्हतं."

"त्ये मना ठाव हाय रे," त्या म्हणाल्या. "ती चिंधी कुठं हाय?"

चिंधी माझ्या हातातच होती. मी मूठ मिटली.

"जांभळ्या काठाची हाय. माज्या लुगड्याची. रातीला आले नि म्हनले, फाड गो, तारंला गुंडाळायची हाय. मीच फाडून दिली." मग खाली बघत, "गाठ सुटली व्हती का रे? चिंधी जुनी व्हती. मना वाटायचं, माजी चिंधी फाटली नि गाठ सुटली."

इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन बसल्या होत्या. मी मूठ उघडली. "नाय काकी. गाठ सोडाया मला चिमटा लागला. काकांचा हात पक्का व्हता. धातू येगला पडला. ते तवा आपल्याकडं कुनालाच ठाव नव्हतं, शेठला नाय, मलाही नाय."

त्यांनी चिंधी घेतली, मांडीवर सरळ केली, बोटांनी काठ चाचपला. "पक्का व्हता ना," म्हणाल्या. "मंग झालं." आणि तुमच्यासारखाच आवाज काढून रडल्या, म्हणजे आवाज न काढताच.

हे तुम्हांला लिहितोय खरं, पण खर्डीच्या पत्त्यावर टाकलं तर पोस्टमन काकींनाच आणून देईल, आणि वाचून दाखवायला त्या मलाच बोलावतील. म्हणून टाकत नाही. आणखी एक कबूल करतो. काकी वर्षातून दोनदा येऊन माझ्यासमोर बसायच्या, आणि मला कधी काही ऐकू आलं नव्हतं.