कीबोर्डचे रबरी पाय

३ मार्च, सोमवार

स्पेसबार गेला. म्हणजे पुरता गेला नाही, उजव्या टोकाला ठोसा मारला तर चालतो. सकाळपासून ठोसेच मारतेय. सुनावणीचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला चार तास लागले, आणि वकीलसाहेब तर असे बोलतात, जशी यांची गाडी सुटतेय. कानात हेडफोन, पायाखाली पेडल – दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद – आणि हाताखाली हा नऊ वर्षांचा डबा. मनगट ठणकतंय. खांदासुद्धा. डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, "माउससाठी हात इतका लांब नेऊ नका." मी कशाला नेतेय! कीबोर्डच एवढा लांबलचक आहे की माउस टेबलाच्या पार टोकाला जाऊन बसतो.

अण्णा नेहमीसारखे टेबलाच्या पलीकडे, खुर्चीत. उजवा तळवा टेबलाच्या कडेवर पसरलेला. एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, बाकांवर हात ठेवत रांगांमधून फिरायचे. ती सवय. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, त्यानंतर वर्षभरात डोळे गेले. आता कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. सवय मात्र जशीच्या तशी.

काम संपवून पाच वाजता मी याच डब्यावर ही डायरी लिहायला घेतली की तो हात मांडीवर जातो आणि डोळे मिटतात. रोज पाचची डुलकी. घड्याळ लावून घ्यावं.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात फायली द्यायला गेले होते. आमचं टाइप केलेलं तपासतो तो – मी मनात त्याला जाड चष्मा म्हणते – त्याच्या टेबलावर एक वस्तू. कीबोर्ड! पण अर्धाच. आकड्यांचा उजवीकडचा गठ्ठा नाही, वरची फंक्शनची ओळ नाही. अंगानं धातूचा, वजनाला विटेसारखा. "ताई, एकदा बोटं ठेवून बघा," म्हणाला, "मग मला काय बोलायचं ते बोला."

ठेवली. दोन ओळी टाइप केल्या. काय सांगू! प्रत्येक बटण बोटाचं ऐकतं. खाली आपटावं लागत नाही, अर्ध्यातच काम होतं. आणि माउस हाताशी. खांदा जागचा हलला नाही.

मग किंमत विचारली. माझं निम्म्या महिन्याचं काम! हात पटकन काढून घेतला, चटका बसावा तसा.

घरी नवऱ्याला सांगितलं. हा लिफ्टची दुरुस्ती करतो, यंत्रांवर जीव आहे याचा, वाटलं समजून घेईल. तर म्हणतो कसा, "एवढे पैसे दिल्यावर बटणं जास्त यायला हवीत. ही तर कमी आहेत!"

६ मार्च, गुरुवार

विचार करतेय. घ्यावा या बाजूला मनगट, खांदा, स्पेसबार. न घ्यावा या बाजूला किंमत आणि आकडे. कोण किती वाजता बोललं ते मी दिवसभर टाकत असते, सगळं त्या उजवीकडच्या गठ्ठ्यावर. अण्णांना विचारलं. मोठ्यांदा विचारावं लागतं. दिसत नाही म्हणून घरात येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी ओरडूनच बोलतो, काय लॉजिक आहे देव जाणे! शेजारीणबाई "अण्णा, मी आलेय" असं सांगतात तेव्हा खालचे दोन मजले दार उघडतात. मलाही तीच सवय लागलीये.

अण्णांनी नाक मुरडलं. "गठ्ठा नाही ते बरंच झालं. आकड्यांच्या वरच्या रांगेला घाबरतो तो टायपिस्ट कसला?"

झालं. बेचाळिसाव्या वर्षी वडिलांनी नापास केलं.

आणखी एक मुद्दा घ्यावा या बाजूला – खडखडाट. आठ तास मी त्यांच्या नाकासमोर हा डबा बडवते. एका अक्षरानं तक्रार नाही, पण त्रास होतच असणार. निदान म्हाताऱ्या माणसाला घरात शांतता तरी मिळावी.

७ मार्च, शुक्रवार

कीबोर्डखाली जुना टॉवेल चौघडी करून घातला. आवाज बराच कमी झाला. केवढी शहाणी मी! अण्णांना मात्र काय झालं होतं कळेना. तीनदा "आहेस का गं?" म्हणाले. चहा गारढोण म्हणाले. वाफ येत होती त्याला.

संध्याकाळी टॉवेल काढला, ओला झाला होता चहानं.

१० मार्च, सोमवार

जाड चष्मा आठवडाभर सुट्टीवर. त्यानं कीबोर्ड मला वापरायला दिला! स्वतः घरी आणून दिला, कापडात गुंडाळून. "ताई, आधी वापरा, मग ठरवा. फक्त वर चहा ठेवू नका." टॉवेलाचा वास त्याला कुठून लागला कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

स्वर्ग. दुसरा शब्द नाही.

आकड्यांना अडखळते, कबूल. पण मनगट आज दुखलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, आता दुखेल, मग दुखेल. नाहीच. कितीतरी दिवसांनी लोणच्याची बरणी उघडायला याला हाक मारली नाही. घ्यायचा. ठरलं जवळजवळ.

अण्णा सकाळी म्हणाले, "आज काम नाही वाटतं?" मी म्हटलं, दोन तास तेच करतेय. "हो का," म्हणाले.

१२ मार्च, बुधवार

"आहेस का?" अकरा वेळा. मोजलं मी. प्रत्येक वेळी पेडल सोडायचं, हेडफोन काढायचा, ओरडायचं "आहे, अण्णा!", परत मागे जाऊन साक्षीदार कुठे होता ते शोधायचं. अकराव्या वेळी माझा तोल गेला. "जाणार कुठे मी? इथेच मरतेय!" असं म्हटलं.

अण्णांचा उजवा हात टेबलावरच होता. थोड्या वेळानं दुसराही ठेवला. दोन्ही तळवे टेबलावर, मान खाली.

मला स्वतःची लाज वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे उद्या विसरणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज अण्णा पडता पडता वाचले.

मी हेडफोन लावून कामात. ते कधी उठले कळलंच नाही. भिंतीला धरून मला शोधायला निघाले – मी समोर बसलेली असताना! आधी स्वयंपाकघरात गेले, तिथून परत आले, आणि मध्ये माझं स्टूल. नडगी फुटली. भिंतीला हात होता म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं? मी रक्त पुसतेय, आणि अण्णा म्हणतात, "तू नव्हतीस ना, म्हणून बघायला निघालो."

"होते की! सबंध वेळ इथेच होते."

"हो का," म्हणाले. तसंच, परवासारखं.

डोकं चालत नाही. म्हातारपणात माणसाचं असं सुरू होतं का? मी समोर असून नाही म्हणतात! भीती वाटते. आई असती तर तिला विचारलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

हा आज दुपारीच घरी आला. कालचं सगळं सांगितलं, रडलेही थोडी. म्हटलं, हा कीबोर्ड इतका हळू वाजतो, त्यांना कळतच नसेल मी आहे ते.

हा म्हणाला, "हळू? मला स्वयंपाकघरात ऐकू येतोय. तू टाइप करतेस ते आणि थांबतेस तेही."

मग मी अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात, आपण एकमेकांशी बोलतो तशा, म्हटलं, "अण्णा, तुमच्या सदऱ्यावर झुरळ आहे."

काही नाही. झुरळ म्हटलं की खुर्चीवर चढणारा माणूस! पुन्हा म्हटलं. काही नाही.

याने अण्णांच्या हाताशेजारी आपला हात टेबलावर ठेवला. "टाइप कर," म्हणाला. मी केलं. "काहीच लागत नाही हाताला." कीबोर्ड उलटा करून बघितला. खाली चार जाड रबरी पाय, आत फोमचा थर. "आम्ही लिफ्टच्या मशीनखाली टाकतो हेच. वरच्या घराला हादरा जाऊ नये म्हणून." मग कपाटावरचा माझा डबा काढून टेबलावर ठेवला. "आता."

मी एक ओळ बडवली.

अण्णांची मान वर झाली. चेहरा असा उजळला, लहान मुलाचा उजळतो तसा. "आलीस?" म्हणाले.

चार दिवस मी त्यांच्यासमोर बसून होते!

१५ मार्च, शनिवार

सकाळी समोर बसले आणि विचारलं. आज ओरडले नाही, कानाशी जाऊन बोलले.

"कधीपासून?"

"होतील दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलंत?"

"डोळे गेले तेव्हा तू पंधरा दिवस जेवली नाहीस नीट. परत कशाला?" मग हसले. "आणि सगळे ओरडूनच बोलता तुम्ही. भागत होतं की."

दोन वर्षं! आणि मी रोज आठ तास दोन हातांच्या अंतरावर बसून कान तपासायला कधी नेलं नाही. वर लोकांच्या ओरडण्याला हसत होते.

हाताचं विचारलं. म्हणाले, क्लासात पंचवीस मशीनं एका वेळी चालायची, आवाजावरून काय कळणार? बाकाला हात लावला की कोण अडखळतंय ते कळायचं. "इथं तर एकच मशीन. अगदी सोपं."

१८ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डाव्यात फार काही उरलं नाही. उजव्यात यंत्र बसवता येईल, महिन्याभरात. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर भला आहे, पण पुटपुटतो फार." रस्त्यात उभी राहून हसले मी. मग डोळे पुसले.

जाड चष्म्याचा कीबोर्ड त्याच कापडात गुंडाळून परत केला. घेणार नाही म्हणून सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

कीबोर्ड परत केल्याचं अण्णांना कुणी सांगितलं? यानेच, दुसरं कोण! सकाळी टेबलावर थाप मारून म्हणाले, "कीबोर्ड घ्यायचा."

"नको. हा चांगला आहे."

"काल संध्याकाळी तू फार सावकाश मारत होतीस. मनगट दुखतंय. माझा हात टेबलावर राहावा म्हणून तुझा मोडायचा का?"

मी नाही म्हटलं. ते हो म्हणाले. मी पुन्हा नाही म्हटलं. क्लासातल्या कुठल्याही पोराची यांच्यापुढे कधी टाप झाली नव्हती, माझी काय होणार. शेवटी हा म्हणाला, "अहो, भांडता काय दोघं? रबरच काढायचंय ना?"

२६ मार्च, बुधवार

आला! अखेर माझा स्वतःचा. याने नवी वस्तू हातात घेतली आणि पहिल्या दहा मिनिटांत स्क्रूड्रायव्हर लावला. माझा जीव खालीवर. चारही पाय काढले, आतला फोम काढला, धातू थेट लाकडावर. जाड चष्म्याला फोन करून सांगितलं तर तो हबकलाच. "ताई, लोक पैसे देऊन ते आणखी घालून घेतात हो!"

आता असा ठणठणतो की शेजारीणबाई विचारून गेल्या, भांडी घासताय का. असूदे.

पहिली ओळ टाइप केली. अण्णांनी तळवा पसरला, डोकं तिरकं केलं. बराच वेळ. "बरा आहे," म्हणाले. मग, "वरच्या रांगेला अजून अडखळतेस."

२८ मार्च, शुक्रवार

आज दुपारी विचारलं, हाताला नेमकं काय काय कळतं. म्हणाले, वकील बोलतोय की साक्षीदार ते कळतं, साक्षीदाराला मी सारखी थांबते. चुकले की कळतं. दमले की कळतं.

"आणि पाच वाजता?"

"ते कामाचं नसतं," म्हणाले. "चाल वेगळी असते. अक्षरं काही कळत नाहीत मला, पण ते तुझं तू लिहीत असतेस. म्हणून हात काढून घेतो."

पाच वाजले. हात मांडीवर गेला, डोळे मिटले. मी उठले, त्यांचा उजवा हात उचलून परत टेबलावर ठेवला, आणि मग हे लिहायला बसले.