उंची फुटांत

३० मार्च १९९८
टॅनर्स क्रीक ओढ्याच्या वाटेवर नवी पाटी – ‘या अरण्यात कधीही मनुष्यवस्ती नव्हती.’ वा! मग मी काय झाडाला लागले होते? सॉ मिलच्या, लाकूड कापायच्या गिरणीच्या, कामगारांची सात घरं होती तिथे. आई त्याच ओढ्यावर धुणी धूत होती. एकोणचाळीसच्या वणव्यात सगळं गेलं तेव्हा मी दहा महिन्यांची होते.

३१ मार्च
बाबांचा जुना नकाशा घेऊन वनखात्याच्या कचेरीत धडकले. ओढ्याकाठी सात काळे चौकोन, शेजारून ओंडके वाहायच्या ट्रामलाइनची रेघ. ब्रेंडन नावाचा पोरगेला वनरक्षक म्हणतो, “मावशी, तुमची घरं एकोणीसशे उंचीच्या रेषेवर. डोंगर अकराशे मीटरला संपतो. नकाशाच चुकलाय.”
“फूट आहेत ते, बाळा. तुझ्या जन्माआधी या देशात फूट असायचे.”
कान लाल झाले त्याचे. “बरं, जागा दाखवा. पाटी काढतो. गाड्या लावायला जागा, बाकं – सहलीचं ठिकाणच करू.”
जिंकले!

२ एप्रिल
टेबलभर नकाशा, ताट मांडीवर. रेषा दाट तिथे कडा, विरळ तिथे सपाटी. आणि ट्रामलाइन एकाच रेषेला धरून जाते – ओंडके ओढणाऱ्या घोड्यांना चढ नको म्हणून! म्हणजे ओढा ओलांडून नुसतं आडवं चालायचं. भूगोलात मला ‘ढ’ म्हणणाऱ्या सिस्टर इग्नेशिया वरून बघत असतील, तर बघोत.

४ एप्रिल
थोरल्या बहिणीला, फिलोमिनाला, विचारलं. “येतेस?”
“जळवा असतील.” मग म्हणाली, “येते.”

७ एप्रिल
सापडलं! निलगिरीच्या गर्दीत माणसाहून उंच नेच्यांची सरळ रांग. जंगलात आपणहून सरळ काय उगवतं? पायाखाली सपाट पट्टी – तीच ट्रामलाइन. पुढे विटांची चूल, आणखी एक, आणखी एक. मी नकाशा नाचवत घरं मोजतेय, आणि फिलोमिना ओढ्यापलीकडे, दगडांच्या एका लहानशा ढिगाशी.
“मायकल,” म्हणाली.
आमचा भाऊ. वणव्यात गेला तेव्हा तीन वर्षांचा. त्याला कुठे ठेवलं ते आईने कधी सांगितलं नाही.
“बाबांनी दगड रचले. मी आणून देत होते.”
परतताना ती पाटीपाशी थांबली. सगळी वाचली.
“चांगली आहे गं. राहू दे.”

९ एप्रिल, पवित्र गुरुवार
ब्रेंडनचा फोन. “सापडलं का, मावशी? बाकं मागवायचीत.”
“नाही रे. नकाशाच चुकलाय.”