ऐंशी कुलपं आणि एक जांभई

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी कळवलं की तो जिना चढताना कुरकुर करतो आणि उतरताना गप्प असतो. म्हणजे तोही तुमच्याच वळणावर गेला (हे मामींचं मत, माझं नाही). मी इकडे खुशाल आहे. नोकरीही अजून आहे. हे ‘अजून’ का लिहिलं, ते सांगायलाच पत्र लिहायला बसलो.

निवृत्त होताना तुम्ही कुलपांच्या कारखान्यातलं तुमचं तपासणीचं टेबल मला मिळवून दिलंत आणि वर तासभर समजावलंत, की कामात आनंद असतो, तो शोधावा लागतो, तीस वर्षांत तुम्हाला कामावर एकदाही जांभई आली नाही. मला पहिल्याच दिवशी साडेदहाला आली. किल्ली घाला, फिरवा, कडी वर; कडी दाबा, दुसरी किल्ली घाला, फिरवा; ‘तपासले’ अशी चिठ्ठी लावा. दिवसाला सहाशे कुलपं. आनंद कुठे असेल म्हणून मी एका कुलपात डोळा लावूनसुद्धा पाहिलं. आत तेल होतं. दोन दिवस डोळा लाल होता.

शेवटी मीच एक खेळ काढला. डझनभर कुलपांच्या किल्ल्या तारेतून सोडवायच्या, ढीग करायचा, आणि कुलपाच्या भोकात डोकावून, नुसते दाते पाहून कुठली किल्ली कुणाची ते ओळखायचं. मामा, मला ते जमायला लागलं! डझनाचे दोन डझन झाले, आणि एका दुपारी तर मी ऐंशी कुलपांचा ढीग मांडून बसलो (चिठ्ठ्या आधीच लावून टाकल्या होत्या, वेळ वाचावा म्हणून). मध्येच पाणी प्यायला गेलो. परत येतो तर टेबल लख्ख. पॅकिंगच्या ताईंना पसारा बघवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी हाताला येतील त्या दोन-दोन किल्ल्या कुलपांना बांधल्या, खोकी भरली, आणि गाडी गेलीसुद्धा. तेव्हाच फोरमनना सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण घंटा झाली, आणि मी तेच तोंड घेऊन घरी गेलो.

ती कुलपं पोचली इस्पितळातल्या नर्सबाईंच्या कपाटांवर. आता आपलं कुलूप दाबलं की किल्लीवाचून बसतं. चिठ्ठीवर विश्वास ठेवून सगळ्यांनी सकाळी आपापले बूट, डबे, चष्मे आत ठेवले आणि कुलपं दाबली; मग कुणाचीच किल्ली लागेना. दुपारी फोरमननी मला तिथे नेलं. वाटेत मला आठवत होतं ते एवढंच, की ही नोकरी तुमच्या शब्दावर मिळाली आहे. खरंच रडू येत होतं. मोठ्या सिस्टरबाईंनी एकशेसाठ किल्ल्या एका चादरीवर ओतल्या. सगळ्या नर्सबाई वॉर्डातल्या सपाता घालून भोवती उभ्या. मी आधी सगळ्या कुलपांच्या भोकांत डोकावून आलो, मग पहिली किल्ली उचलली, दाते पाहिले, सरळ सतराव्या कपाटाकडे गेलो. उघडलं! दुसरं, तिसरं, सगळी. दोन तासांत कुणी मला चहा दिला, कुणी टाळ्या वाजवल्या. मामा, इतका खूश मी कामावर कधीच नव्हतो.

फोरमननी ते पाहिलं, आणि तिथेच माझं नशीब फुटलं. कारखान्यात म्हणे कित्येक वर्षांच्या अनाथ किल्ल्यांची आणि कुलपांची नऊ पोती पडून आहेत. त्यांनी मला मागची खोली दिली. म्हणाले, “तुला आवडतं ना? मग आता हेच कर.” पहिला दिवस मजेत गेला. तिसऱ्या दिवशी, साडेदहाला, जांभई. किल्ल्या त्याच, दाते तेच, ओळखणारा मीच. फक्त आता ते करायला मला कुणीतरी सांगितलं होतं.

मामींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी फोरमन तुम्हाला फोन करतील. पोत्यांच्या खोलीत मला कायमचं ठेवायचं, टेबलावर परत आणायचं की घरी पाठवायचं, ते तुमच्या शब्दावर आहे. मला टेबल हवं. हो, तेच, सहाशे कुलपांचं.

आणखी एक ता. क. का हवं, ते विचाराल. काल माझा रुमाल आणायला तिथे गेलो. तो टेबलाखाली पडला होता, म्हणून वाकलो आणि सहज वर पाहिलं. फळीच्या खालच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिळ्याने कोरलेल्या रेघा. एकीकडे ‘डावा’, एकीकडे ‘उजवा’. अक्षर तुमचं. तीस वर्षं तुमचे दोन हात कुलपं उघडायची शर्यत लावत होते, आणि डावा अकरा रेघांनी पुढे आहे. एका जागी ‘उजव्याने लबाडी केली’ असंही कोरलंय. मामा, हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतं, तर ऐंशी बायका सपातांवर उभ्या राहिल्या नसत्या. मामींना मी काही सांगत नाही. फोन आला की तेवढं कामातल्या आनंदाचं काढू नका. एवढंच सांगा, की टेबलावर दुसऱ्या कुणाला बसवू नये. मी उजव्याकडून आहे.