लग्नवाले विरुद्ध सडेफटिंग

प्रिय जुसारा,

तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. इथे उकाड्याने अंगाची लाही होतेय, तरी एकदा घालून पाहिले. पोर्तोच्या थंडीत राहून माझी लेक इथलं हवामान विसरली, असं गावभर सांगत सुटलोय.

परवा गावच्या रेडिओवाल्यांनी मुलाखतीला बोलावलं. निवेदक म्हणाला, "वाल्देमिरदादा, इतकी वर्षं मोठ्या क्लबांतून खेळलात, गोल किती?" म्हटलं, "नऊ. त्यातला एक आपल्याच जाळ्यात." तो हसून बेजार. अगं, मधल्या फळीतल्या माणसाला गोल विचारणं म्हणजे आचाऱ्याला 'किती जेवलास' विचारणं. माझं काम चेंडू हिसकावायचा आणि पुढच्याच्या पायात नेऊन द्यायचा. नाव त्याचं व्हायचं, नडगी माझी सुजायची. लहानपणी तू रेडिओसमोर पाय आपटायचीस, 'बाबांचं नाव का घेत नाहीत?' तुझी आई म्हणायची, 'घेतील, पिवळं कार्ड मिळालं की घेतील.' माझ्या नेइदेला खेळातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं. पण मी मजेत खेळलो. खंत म्हणून काही उरली नाही.

आता खेळणं उरलंय ते रविवारचं, आणि वर्षअखेरीचा आपला सामना, लग्नवाले विरुद्ध सडेफटिंग. हरणाऱ्यांनी मांस भाजायचं, भांडी घासायची. तुझी आई गेल्यावरही मी लग्नवाल्यांतच उभा राहायचो. कोणी हटकलं नाही. गेल्या वर्षी पंच होता गावात नवा आलेला न्हावी, आदाइल्तो. त्याला काय माहीत! सगळ्यांसमोर ओरडला, "ओ काका, बायको कुठाय तुमची? नाही ना? मग व्हा पलीकडं!" मी मुकाट पलीकडे गेलो. मनाला फार लागलं गं. विशीतली पोरं आणि त्यांच्यात साठी उलटलेला मी! तेवढ्यात मैदानाच्या कडेला मांसाच्या करंज्या तळणारी इव्होनेती ओरडली, "बिचकता काय, सड्यांत एक तरी देखणा नको का?" सगळे खो खो हसले, मीही हसलो. आम्ही जिंकलो. मला बसून खायचा मान होता, पण सवयीने भांड्यांकडे वळलो. तिथे तीही आपल्या कढया घासत होती. तिचा नवरा जाऊनही बरीच वर्षं झालीत. त्या दिवशी माझ्या हातून दोन बशा फुटल्या आणि तिने माझी यथेच्छ टर उडवली.

तू दर फोनवर विचारतेस, 'बाबा, एकटं वाटतं का?' मी विषय बदलतो, कारण आता वाटत नाही आणि तुला ते सांगायची लाज वाटते. फोनवर जीभ अडखळते म्हणून हे पत्र. इव्होनेती आणि मी लग्न करायचं म्हणतोय, सामन्याच्या आदल्या दिवशी. तुझ्या आईचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहील, हे इव्होनेतीनेच मला आधी बजावलं. आदाइल्तो रोज विचारतो, "काका, यंदा कुठल्या बाजूनं?" त्याला सांगितलंय, लेकीचा फोन येऊ दे. तू नको म्हणालीस तर यंदाही पोरांत खेळेन, तुझ्यावर रुसणार नाही. पण जुसारा, मला लग्नवाल्यांकडून खेळायचंय गं.

तुझाच,
बाबा