गाडी तीन पंचवीसलाच जाणार

३ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतोय, पुढे लागेल. ठिकाण: औषधांचं दुकान, काउंटर. बाबांची बीपीची गोळी आणायला गेलो होतो. पूर्ण पट्टी मी घेत नाही, रोज एकच गोळी घेतो, म्हणजे रोज जाता येतं. रविवारी दुकान बंद, त्यामुळे रविवारी बाबांना गोळी नसते. एका दिवसानं काही होत नसतं.

काउंटरमागची ती कात्रीनं गोळी कापत म्हणाली, दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय, पंधरा मार्चपासून. आणि मग माझ्याकडे न बघता: तिथं कुणी ओळखीचं असतं तर बरं झालं असतं.

कुणी ओळखीचं. त्या क्षणी दुकानात मी होतो आणि खोकणाऱ्या एक आजी होत्या. आजी काही जाणार नाहीत.

निर्णय: मी तिच्याबरोबर जाणार. तिथं खोली, डिपॉझिट, दोन-तीन महिन्यांचा खर्च. पैसे गाडी विकून. गाडी बाबांची आहे, पण त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून ती गेटापाशी नुसती उभी आहे. उभ्या गाडीवर सगळ्या घराचा हक्क असतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, बघू. याला मी होकार समजतो.

किंमत तीन लाख पंचवीस हजार. वरचे पंचवीस घासाघीस करणाऱ्यांसाठी. तीनच्या खाली एक पैसा नाही.

४ फेब्रुवारी

ताई स्वतःला घरातली एकमेव कमावती समजते. आहेच, पण समजतेसुद्धा. म्हणाली, ज्या गाडीवर अर्धं गाव ड्रायव्हिंग शिकलं तिचे तीन लाख कोण देणार, राजे? बाबांचा बावीस वर्षं ड्रायव्हिंग क्लास होता, त्यातली ही शेवटची गाडी. डावीकडेही ब्रेक, उजवीकडेही ब्रेक. मी म्हटलं, जाहिरातीत ते येणार नाही. त्यावर ती म्हणाली, कॉलेजही तू असंच अर्ध्यात सोडलंस. साफ चूक. कॉलेज मी सोडलं नाही. प्रॅक्टिकलला सरांच्या दिशेनं एक स्टूल फेकलं आणि सरांनी ते मनाला लावून घेतलं.

गॅरेजवाल्या मिस्त्रीकडून शिकवणाऱ्याच्या बाजूचे पेडल काढून घेतले आणि भंगारात दिले. खाली दोन भोकं राहिली, त्यावर मॅट टाकली. दारांवरची ‘शिकाऊ’ ही अक्षरं लाल स्प्रेनं झाकली. लाल किंचित वेगळा आला. फक्त उन्हात कळतं. गाडी उन्हात दाखवायची नाही.

जाहिरात टाकली: एकच मालक, अतिशय हळू आणि जपून चालवलेली. यात एक अक्षर खोटं नाही. शिकणारे हळूच चालवतात.

७ फेब्रुवारी, सकाळी ११

पहिला ग्राहक. रिटायर्ड मास्तर. भावना जागी केली की किंमत वाढते असं वाचलं होतं, म्हणून सांगितलं की गाडी माझ्या वडिलांची शेवटची आठवण आहे, काळजावर दगड ठेवून विकतोय. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात बाबा दारात आले आणि माझा टॉवेल कुठंय म्हणाले.

मास्तर त्यांना ओळखत होते. याच गाडीवर शिकले होते. दोघं गळ्यात पडले. मग बाबांनी सगळा इतिहास सांगितला: क्लच प्लेट चारदा बदलली, मागचा पोचा कुणी पाडला, त्याच्या आधीचा कुणी. मास्तर तरीही म्हणाले, दोन लाख दहा हजार देतो, आत्ता, रोख, सरांची गाडी म्हणून.

मी म्हटलं, दोन दहात दोन चाकं घेऊन जा. बाबा त्यांना गेटापर्यंत सोडून आले.

परत आल्यावर एवढंच विचारलं, कशानं गेलो मी? मी म्हटलं, हार्ट. बाबा म्हणाले, झोपेत ना? मी हो म्हटलं. मग ते टॉवेल शोधायला गेले.

ठराव: ग्राहक येईल तेव्हा बाबा आतल्या खोलीत, टीव्ही मोठ्यानं, कडी बाहेरून.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी ६

सापडलं. व्हिडिओत एक माणूस सांगत होता, ग्राहकाला दुसरा ग्राहक दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. म्हणजे मला एक खोटा ग्राहक पाहिजे. मित्र चालणार नाहीत, ते हसतात.

ती चालेल.

एका दगडात किती पक्षी. ती घरी येणार, गाडीत बसणार, माझ्या बाजूनं लढणार. काउंटरवर विचारलं. ती म्हणाली, मला गाडी चालवता येत नाही. मी म्हटलं, विकत घ्यायला कुठं चालवावी लागते? म्हणाली, रविवारी घरी कंटाळाच येतो, येते. येते म्हणाली. बाकीचं वाक्य महत्त्वाचं नाही.

तिला एक कागद लिहून दिला, पाठ करायला. काय बोलायचं, कुठं थांबायचं, माझा खालचा आकडा काय, गाडीत दोष कुठे कुठे आहेत, म्हणजे तो विषय ती काढणार नाही. सगळं खरं लिहिलं. विश्वास म्हणतात तो हा.

१२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा एक जण गाडी बघायला आला. वय माझ्यापेक्षा सात-आठ वर्षं जास्त, खिशात छोटी टॉर्च, हातात वही, आवाज असा की पुढं वाकून ऐकावं लागतं. दोन मिनिटांत म्हणाला, दाराचा लाल वेगळा आहे. मी म्हटलं, झाडाची सावली. त्यानं वर पाहिलं. झाड नव्हतं.

ती ठरल्याप्रमाणे अकरा दहाला आली. बॉनेटवर हात ठेवला आणि कागदातलं वाक्य जसंच्या तसं म्हणाली: मला पसंत आहे, तीन लाख लगेच देते. अंगावर काटा आला. आता चष्मेवाला तीन दहा म्हणणार.

चष्मेवाल्यानं वही मिटली आणि म्हणाला, मग तुम्हीच घ्या, तुम्हाला जास्त गरज दिसतेय.

अशी माणसं येतात कुठून?

हे कागदात नव्हतं. ती गडबडली आणि म्हणाली, नाही नाही, तुम्ही आधी आलात. तो म्हणाला, तसं काही नसतं. दहा मिनिटं दोघं तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या करत उभे. मी मध्ये दोनदा तीन पंचवीस म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

जाताना तो म्हणाला, तुम्हाला सोडू का, वाटेतच आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून जा म्हटलं. त्याचं खरं बजेट काढून घ्यायची हीच संधी. स्कूटरवर मागं बसली. छान दिसत होती.

बाबांची कडी काढायला विसरलो. पाच वाजता ताईनं काढली. ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. बाबा म्हणाले, मॅच चांगली झाली.

१५ फेब्रुवारी

तिचा पहिला रिपोर्ट: त्याची तयारी अडीचची आहे. पण क्लच संपत आलाय असं म्हणतो. त्याला क्लचचं कसं कळलं? ती म्हणाली, त्याचं लक्ष असतं रे सगळीकडे.

काल दोघं कॉफीला गेले होते. मी कॉफीचे पैसे पुढे केले, तर म्हणाली त्यानंच दिले. म्हणजे समोरच्यालाच खर्चात पाडतेय. मी म्हटलं, अजून एक-दोनदा भेट, घाई करू नकोस. तिनं विचारलं, तुला चालेल? किती जपते मला. म्हटलं, चालेल काय, मीच सांगतोय.

२० फेब्रुवारी

तो एक नव्वदवर आला. ती मला शांतपणे समजावत होती: रंग, खालची दोन भोकं, चारशे लोकांचे पाय. भोकं त्याला कशी दिसली? मॅट होती. शत्रू हुशार आहे, मान्य.

बाकी माहिती भरपूर आणली. तो घरी एकटाच असतो, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लेन्स पुसताना गुणगुणतो. आजपर्यंत कुणावर आवाज चढवलेला नाही. यातलं सौदा करताना काय वापरायचं ते ठरवतो.

तिनं चष्मा घेतलाय. नंबर पाव. पावासाठी कुणी चष्मा घेतं का? पण भूमिकेत शिरायचं म्हटल्यावर ती असं अर्धवट करणारी नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी १०

तिला विचारलं, जायची तयारी कुठवर आली? म्हणाली, बघू. समजलो. माझे पैसे उभे राहत नाहीत तोवर ती तारीख कशी सांगणार? चूक माझी आहे. तो आता दीडच म्हणतोय, म्हणून किंमत एक पंच्याहत्तर केली. तिच्यासाठी.

मास्तरांना फोन लावला, सहज. त्यांनी दुसरी गाडी घेतली. आवाजात पश्चात्ताप वाटला.

मिस्त्री म्हणाला, भंगाराच्या भावात नव्वद हजार देतो. मी बंपरला लाथ घातली. बंपर निघाला. मिस्त्री म्हणाला, आता ऐंशी.

ठराव: रागावर ताबा. आजपासून. म्हणजे आता जेवण झाल्यापासून.

४ मार्च, संध्याकाळी ७

तिचा फोन. उद्या आम्ही येतो, कागद करून टाकू, बाबांना तयार ठेव.

आम्ही. फोनवर आम्ही दोघंच असताना तिनं सोंग सोडलं नाही. अशी साथ नशिबात लागते. उद्या शेवटच्या क्षणी ती आकडा वर नेणार, माझी खात्री आहे. बॅग भरायला काढली. दोन शर्ट इस्त्रीला दिले.

५ मार्च, रविवार

टेबलावर सगळे. बाबांना बाहेर बसवावंच लागलं, सही त्यांची. ताई कोपऱ्यात. ते दोघं एकाच बाजूला.

मी परत तीनपासूनच सुरुवात केली, घासाघिशीला जागा हवी म्हणून. ती म्हणाली, एक पंधरा. मग बोटांवर मोजून दाखवलं: बंपर, क्लच, रंग, खालचा पत्रा. एकही गोष्ट सुटली नाही. सगळी माझ्याच शब्दांत. मला वाटलं, त्याला गाफील ठेवतेय. मी तिला डोळा मारला. परत मारला.

चष्मेवाला पुढे वाकला. म्हणाला, डोळ्याला काही होतंय का? दुकानात या, फुकट बघून देतो. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच काळजी वाटत होती.

बाबा म्हणाले, एक पंधरा ठीक आहे. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

फॉर्म भरताना घेणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःचं नाव लिहिलं. घेतली तिनं. आपल्यासाठी घेतली, गाडीनंच जायचं म्हणून. मग तिनं पत्ता लिहिला. चष्म्याचं दुकान, वरचा मजला.

मी म्हटलं, पण पंधरा तारखेला तर तू जाणार. ती म्हणाली, अरे, ते मी दोन आठवड्यांपूर्वीच नाही म्हणून कळवलं, ताईला सांगितलं होतं. ताई म्हणाली, सांगून काय झालं असतं, राजे? तू ऐकतोस कुठं?

मी विचारलं, मग तिथं कुणी ओळखीचं पाहिजे होतं, ते? तिला आठवेना. खरंच आठवेना, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. महिनाभर मी त्याची वाट बघत होतो. म्हणाली, तू नसतास ना, तर आमची भेटच झाली नसती. चष्मेवाल्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि थँक्यू म्हणाला. हळू आवाजात. वाकून ऐकावं लागलं.

बाबांनी सही केली. पैशांचं पाकीट ताईकडे दिलं आणि नव्या मालकिणीला म्हणाले, गाडी शिकायला उद्यापासून कशाला, आत्ताच बस, पहिला धडा मी देतो. दोन वर्षांनी त्यांनी कपाटातून बूट काढले. हात थरथरत होते म्हणून लेस चष्मेवाल्यानं बांधली. खाली बसून. बाबा त्याला नावानं हाक मारत होते. मला समजेना, नाव त्यांना कधी कळलं.

ताईनं पर्स उचलली, तीपण जाणार. किल्ली हातात घेऊन नवी मालकीण म्हणाली, मागे जागा आहे, तूही चल ना. बाबा म्हणाले, नको, तो मध्ये मध्ये बोलेल, ती बिचारी घाबरेल.

मी पायात चपला सरकवल्या. आतून बाबा म्हणाले, दार उघडंच ठेव, आम्ही निघतोच आहोत.

मी बाहेर आलो आणि दार बाहेरून लावून घेतलं.