नातवाबरोबर नेलेला खण-नारळ

आई, पोराची नोकरी राहिली. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं. तुला गोष्ट मुळापासून ऐकायची सवय, पण मला आज तेवढा धीर नाही. दुपारी त्याचा फोन आला, "आजी, रिन्यू झालं. दोन वर्षं." मी निवडत होते ती कोथिंबीर तशीच टाकली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली शारजाच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि मला ते सनईसारखं वाटत होतं. सून म्हणाली, आई उन्हात काय उभ्या राहिलात, चक्कर येईल. म्हटलं, येऊ दे. पंधरा दिवस नीट जेवण गेलं नव्हतं गं. माझी शाळा चौथीपर्यंतची, लिहिताना जोडाक्षरं चुकतील. तुला तरी कुठे वाचता येत होतं, तेव्हा फिट्टंफाट.

पोरगा म्हणजे माझा नातू, थोरल्याचा. तू गेलीस तेव्हा थोरला पाळण्यात होता, आता त्याचं पोरगं एकोणतीस वर्षांचं आहे. सहा फूट दोन इंच. आपल्या घरात असता तर चौकटीला रोज कपाळ आपटलं असतं. इथे दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत होता तेव्हापासून तो बास्केटबॉल खेळतो. उंचावर एक कडं, त्याला जाळी, त्यात बॉल टाकायचा. मग एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, खेळणं खलास. पोरगा सहा महिने कुणाशी बोलला नाही. आणि एके दिवशी उठला आणि म्हणाला, खेळता येत नाही तर शिकवीन. परीक्षा दिल्या आणि कॉलेजात लागला. पहिल्या कॉलेजात नुसत्या बॉलमध्ये हवा भरायची आणि पोरांची हजेरी घ्यायची. दुसऱ्यात मॅचचे व्हिडिओ काढायचे, घरी आणून कापायचे, कोण डावीकडून चुकतं, कोण दमल्यावर हात खाली सोडतं, सगळं वहीत. आता तिसरं, दुबईतलं कॉलेज, मुलींची टीम. पण हुद्दा तोच, असिस्टंट कोच. आठ वर्षांत त्याच्या डोक्यावर तीन मोठे कोच आले नि गेले, आता चौथी आहे, गोरी बाई, कडक. दरवेळी जागा रिकामी झाली की मी देवापुढे साखर ठेवायची, आणि दरवेळी बाहेरचा माणूस यायचा. मी त्याला टोचायची, "अरे, हाताखालीच म्हातारा होणार का?" तो हसायचा. "आजी, मोठा कोच ओरडतो. ओरडा खाऊन पोरगी बाकावर येऊन बसली की तिच्याशी बोलायला कुणीतरी लागतंच ना?"

मग मला तू आठवायचीस. मंगल कार्यालयाचं ते स्वयंपाकघर, तीन चुली, धुराने लाल झालेले तुझे डोळे. आचारी पंगतीत मिरवतोय आणि तू मागे आमटीत पळी बुडवून तळहातावर थेंब घेतेस, चाटतेस, मीठ टाकतेस. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा पंगतीतल्या एका बाईला मी जोरात सांगितलं, ही आमटी आचाऱ्याची नाही, माझ्या आईची आहे. तू मला दंडाला धरून मागे ओढलंस. म्हणालीस, "पंगत जेवली ना पोटभर? मग कुणाची ते कशाला सांगत सुटलीस?" मला केवढा राग आला होता तुझा. बघ, लिहायचं होतं एक आणि कुठे गेले.

तर झालं असं. टीममध्ये एक आपल्याकडची मुलगी आहे. उंच, वरचा बॉल तिच्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नाही. पुढे अल ऐनला मॅचेस होत्या, दोन रात्री मुक्काम. तिच्या वडिलांनी सांगितलं, मुक्कामाला पाठवणार नाही आणि आता प्रॅक्टिसही बंद, शेवटचं वर्ष आहे, अभ्यास कर. गोरी बाई नातवाला म्हणाली, तुझ्या भाषेतले लोक आहेत, तू जाऊन बोल. नातू माझ्याकडे आला. "आजी, मी एकटा मुलीच्या घरी कसा जाऊ? बरं दिसत नाही. तू चल. फक्त बसायचं हं, बोलायचं नाही." मी म्हटलं, नाही बोलत. आणि खरंच फार बोलले नाही. मी फक्त पिशवी नेली.

ते लोक उम्म अल कुवैनला राहतात, वडील हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो. मी जरीची साडी नेसले. पिशवीत नारळ, पेढे, दोन खण आणि कुंकवाचा करंडा. दार मुलीच्या आईने उघडलं. मला बघितलं, मग माझ्या मागच्या उंच पोराला बघितलं, मग पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी. "या या, बसा ना," म्हणाली आणि घाईने आत गेली. आत कपाटं उघडायला लागली, कपबश्या वाजायला लागल्या. वडील समोर येऊन बसले आणि विचारायला लागले, शिक्षण किती, इथे किती वर्षं, फ्लॅट भाड्याचा की स्वतःचा. माझा भोळा नातू! त्याला वाटलं, कोच कसा आहे ते तपासतायत. पाठ ताठ करून उत्तरं देतोय. "असिस्टंट म्हणजे पर्मनंट का?" "नाही सर, दर दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट." "व्यसन?" "छे छे सर, आमच्या फील्डमध्ये फिटनेस लागतो." मी मान हलवतेय. तेवढ्यात मुलीच्या आईने मला आत बोलावलं. मी तिची ओटी भरली आणि मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन निघाली होती, तिच्या ट्रेवर बशांशेजारी दुसरा खण ठेवला. ती ट्रे घेऊन तशीच बाहेर आली, घाईघाईत चढवलेला पंजाबी ड्रेस आणि पायात प्रॅक्टिसचे बूट. कोचला बघून दचकली. "सर? व्हाय इज युवर ग्रँडमा गिव्हिंग मी अ ब्लाऊज पीस?"

आई, नातवाचं तोंड असं पांढरं मी गुडघा गेला त्या दिवशीही बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, मी अल ऐनच्या परवानगीसाठी आलोय." वडील उभे राहिले. "माझी मुलगी तुमच्याकडे खेळायला पाठवतो मी, आणि तुम्ही आजीला घेऊन मागणी घालायला येता?" नातू समजावत राहिला, ते ऐकेनात. पोहे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तक्रार गेली. चौकशी होईपर्यंत ग्राउंडवर यायचं नाही, असं त्याला कळवलं. कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपत होतं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि असा डाग लागून गेली तर मुलींच्या टीमजवळ कुणी उभं करणार नाही. आठ वर्षं बाकावर बसून मिळवलेलं नाव, आणि आजीच्या पिशवीने घालवलं. सून भांडी जोरात ठेवायची. मी थोरल्याला म्हटलं, मला त्या चौकशीला घेऊन चल. तो म्हणाला, आई, तिथे सगळं इंग्लिशमध्ये असतं. म्हटलं, रडणं कुठल्याही भाषेत कळतं.

पण रडले नाही. ऑफिसात लांब टेबल, एक साहेब, गोरी कोच, मुलीचे आईवडील, मुलगी आणि एका टोकाला माझा नातू, हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी म्हटलं, मी मराठीत बोलणार. मुलगीच म्हणाली, "आय विल ट्रान्सलेट." मी सांगितलं, "पिशवीत काय आहे ते याला माहीत नव्हतं. माझ्या आईने शिकवलंय, लेकीबाळींच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. आईची ओटी भरली आणि लेकीला काही नाही, असं कसं करायचं? म्हणून दुसरा खण. चूक माझी, शिक्षा मला करा." मुलगी भरभर इंग्लिशमध्ये सांगत होती आणि मध्येच स्वतःचंही घालत होती, कारण मी थांबले तरी ती थांबली नव्हती. तिच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, तर हसत होती! "अहो, आठवतं का? माझ्या आईने तुमच्या बॉसच्या बायकोची भर ऑफिसात ओटी भरली होती." वडील म्हणाले, "तो विषय इथे कशाला?" पण ओठ हललेच त्यांचे. गोरी बाई विचारते, "सो द कोकोनट वॉज जस्ट... हॅलो?" मुलगी म्हणाली, "येस कोच. जस्ट हॅलो."

वडिलांनी तक्रार मागे घेतली. पोरीला अल ऐनला जायची परवानगी मिळाली, तिची आई सोबत जाणार या बोलीवर. माझा नातू परत बाकावर, मोठ्या कोचच्या शेजारी, वही घेऊन. मी परवा ग्राउंडवर जाऊन बघून आले. तीच पोरगी चुकली, गोरी बाई ओरडली, पोरगी येऊन बसली. नातू तिच्याकडे वळून दोन वाक्यं बोलला, बोटाने हवेत कसलीशी रेघ काढली, आणि ती उठून पुन्हा आत गेली. टाळ्या तिला मिळाल्या. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला राग आला नाही, आई. जन्मात पहिल्यांदा आला नाही. आता त्याला टोचणार नाही मी.

हा कागद कुठे टाकायचा तेही मला ठाऊक नाही. सुनेच्या हाती लागला तर पंचाईत, म्हणून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. कारण एक गोष्ट त्या ऑफिसात बोलले नाही. त्या लोकांकडे जायच्या आदल्या रात्री नातवाच्या फोनमध्ये मी टीमचा फोटो बघितला होता. दोन बोटांनी मोठा करून त्या पोरीचा चेहरा बघितला, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आणि मग कपाटातून दुसरा खण काढला, हिरवा, चांगल्यातला. तू रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणायचीस, पण न्यायचीस फक्त चार लिंबं. सगळं तुझ्या नावावर घातलं मी, कारण तुला कुणी काही विचारायला येणार नव्हतं.